'एकच काय ते निवडा' म्हणणाऱ्यांना

मॉडेल रेल्वेच्या छंदात मुरलेली माणसं नव्याने लेआउट मांडणाऱ्याला हल्ली एक सल्ला फार ठामपणे देतात. ॲनालॉग ठेवायचं तर ॲनालॉग ठेवा, डिजिटल करायचं तर डिजिटल करा. एकाच फळीवर दोन्हींची वायरिंग करत बसू नका. कारणंही तयार असतात. दोन्ही म्हणजे दुप्पट खर्च. दोन्ही म्हणजे कधी ना कधी काहीतरी जळणारच. डिजिटलला दोनच तारा पुरतात, मग सेक्शन पाडा, खटके बसवा, हा जुना पसारा हवा कशाला? आणि घरात एखादं जुनं इंजिन असलंच, तर ते डिजिटलच्या रुळावर शून्य क्रमांकावर चालवता येतंच की.

या चार कारणांपैकी धोक्याचं कारण खरं आहे. दोन तारांचं अर्धंच खरं आहे. उरलेली दोन तपासायला घेतली की टिकत नाहीत. आणि जे खरं आहे त्यावरचा उपाय 'दोन्ही नकोत' हा नसून 'दोन्ही नीट वेगळी ठेवा' हा आहे. मी हे खातेगावातून लिहितो आहे. इथे रेल्वे अजून आलेली नाही. गाडी बघायची तर नेमावरला नर्मदा ओलांडून हंडियामार्गे हरद्याला जावं लागतं. ज्या सल्ल्याने इथल्या माणसाचा छंदच बंद पडेल, तो निमूटपणे ऐकून घेणं मला जमत नाही.

आधी दोन पद्धतींतला फरक पाहू. ॲनालॉगमध्ये रुळात ० ते १२ व्होल्टचा डीसी प्रवाह सोडतात. व्होल्ट वाढवले की गाडी जोरात, धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे. इंजिनाला स्वतःचं काही कळत नाही. रुळात जे येईल त्यावर ते पळतं. म्हणून एक गाडी उभी ठेवून दुसरी चालवायची, तर रुळाचे सेक्शन पाडून प्रत्येकाला वेगळा खटका द्यावा लागतो. डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीत, रुळात सतत साधारण १४ ते १६ व्होल्टचा, क्षणाक्षणाला दिशा बदलणारा चौकोनी तरंग असतो. आज्ञा त्या तरंगातच गुंफलेल्या असतात आणि इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा उचलून मोटर फिरवतो. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात याची प्रमाणं ठरवली, म्हणून आज एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतो. ॲनालॉगची अक्कल रुळात असते, डिजिटलची इंजिनात. पुढचा सगळा वाद या एका फरकावर उभा आहे.

रुळातल्या अकलेला कमी लेखू नये. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात माधवराव शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे. जेवणं आटोपली की ती टेबलावरच्या रुळांवरून मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढे फिरायची. पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे, परत ठेवली की चालू लागे. विजेचा संपर्क तुटतो आणि जुळतो, एवढीच युक्ती. डिकोडर नाही, संगणक नाही, आणि तरीही गाडीला पाहुणा कळतो. ज्यांना ॲनालॉग म्हणजे मुलांचं खेळणं वाटतं, त्यांनी ही गाडी एकदा बघून यावी.

आता दोन तारांबद्दल. एका बैठकीत मांडायचा, एका गाडीचा गोल असेल तर दोन तारा पुरतात, हे मान्य. पण भिंतीलगत पाच मीटर फळी गेली, दोन स्टेशनं झाली, यार्ड झालं, की डिजिटलवाल्यालाही रूळ कापावेच लागतात. एका टोकाला डबा घसरून शॉर्ट झाला तर सगळा लेआउट बंद पडू नये, म्हणून वीजपुरवठ्याचे वेगळे भाग करून प्रत्येकावर वेगळा ब्रेकर बसवावा लागतो. कुठल्या रुळावर गाडी उभी आहे हे पॅनलवर दिसायला हवं, तर प्रत्येक सेक्शनमधून किती प्रवाह जातो ते मोजणारं यंत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी सेक्शन लागतो. उलट फिरवणारा गोल असेल तर दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापणं दोन्ही पद्धतींत सक्तीचं आहे. ॲनालॉगमध्ये तिथे हाताने उलटवायचा खटका येतो, डिजिटलमध्ये आपोआप उलटवणारं मॉड्यूल. म्हणजे ॲनालॉगसाठी पाडलेले सेक्शन उद्या डिजिटलचे भाग म्हणून जसेच्या तसे कामाला येतात. ज्याला पसारा म्हणून हिणवलं जातं, ती डिजिटलची निम्मी तयारी आहे.

तारेच्या जाडीचंही तसंच. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येताना तीन अँपिअरवर एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास दाब घटतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत तेवढ्याच अंतरात एक व्होल्टहून जास्त जातो. नुसत्या रुळांवर आणि फिशप्लेटवर विसंबलं तर हिशेबच उरत नाही, कारण रुळाचं निकेल-सिल्व्हर तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक आहे आणि सैल फिशप्लेट त्याहून वाईट. ॲनालॉगमध्ये याचा परिणाम एवढाच की गाडी लांबच्या टोकाला मंदावते. डिजिटलमध्ये तो गंभीर असतो: तारेचा अडथळा जास्त असला की लांबच्या टोकाचा शॉर्ट रुळात वीज सोडणाऱ्या बूस्टरला कळतच नाही, तो वीज सोडत राहतो, आणि पाच अँपिअर गुणिले पंधरा व्होल्ट म्हणजे पंचाहत्तर वॉटची उष्णता एका छोट्या चाकाशी साठते. प्लॅस्टिकची बोगी वितळायला तेवढी पुरते. म्हणून जाड मुख्य तार घालायची, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून छोटी तार सोल्डर करायची, आणि मग लेआउटभर ठिकठिकाणी दोन रुळांवर नाणं आडवं ठेवून बूस्टर तत्काळ बंद होतो का ते पाहायचं. ही शिस्त डिजिटलची आहे, पण तिने ॲनालॉगचं काहीच बिघडत नाही. उलट जुनी इंजिनं कोपऱ्यात अडखळायची थांबतात. सांध्यांचंही हेच, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचं. धातूचं चाक सांध्याच्या नाकावरून जाताना क्षणभर दोन रूळ जोडतं. ॲनालॉगमध्ये ते जाणवत नाही, डिजिटलमध्ये सगळं बंद पडतं. सांध्याबरोबर नाकाचा प्रवाह बदलणारा छोटा खटका जोडला की दोन्ही पद्धती खूश.

माझं म्हणणं म्हणून असं आहे: वायरिंग कडक पद्धतीच्या मापाने करा आणि मग दोन्ही पद्धती तिच्यावर चालवा. जे लोक 'दोन्ही' म्हटल्यावर दुप्पट तारांचं जंजाळ डोळ्यांपुढे आणतात, ते दोन वेगळ्या वायरिंगची कल्पना करतात. वायरिंग एकच आहे. दोन आहेत ते फक्त वीज पुरवणारे डबे.

शून्य क्रमांकाच्या सोयीबद्दल मला जरा जोराने बोलायचं आहे, कारण या सल्ल्याने लोकांची इंजिनं जळतात. डीसीसीत एक आणि शून्य हे आकडे तरंगाच्या लांबीने पाठवले जातात. एक असेल तर तरंगाचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा. शून्य असेल तर १०० किंवा जास्त. शून्याचा एक अर्धा भाग मुद्दाम ताणता येतो, प्रमाणानुसार ९९०० मायक्रोसेकंदांपर्यंत. ताणला की एका दिशेचा प्रवाह सरासरीने जास्त होतो आणि डिकोडर नसलेलं इंजिन त्या फरकावर चालतं. पण उरलेला तरंग जातो कुठे? तो मोटरच्या गुंडाळीतून उलटसुलट धावत राहतो. इंजिन उभं असतानाही गुणगुणतं आणि तापतं, उभं असताना तर जास्तच, कारण फिरणारी मोटर स्वतःला थोडा तरी वारा घालते. लोखंडी गाभा नसलेल्या, कोअरलेस मोटरला ही उष्णता सोसतच नाही. कित्येक डिजिटल यंत्रांनी ही सोय मुळात ठेवलेलीच नाही. अशा गोष्टीवर भिस्त ठेवून 'जुन्या इंजिनासाठी वेगळं काही करायला नको' असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

मग म्हणतात, सगळ्या जुन्या इंजिनांत डिकोडर बसवा, चार तारांचं तर काम. नव्या, सॉकेट असलेल्या इंजिनात खरंच तेवढंच काम आहे. पण जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या चासिसला टेकलेला असतो आणि चासिस एका बाजूच्या चाकांमधून रुळाला. तो ब्रश आधी चासिसपासून पूर्ण तोडावा लागतो. नाहीतर रुळातली वीज मागच्या दाराने डिकोडरच्या मोटर-तारेत शिरते आणि डिकोडर पहिल्याच क्षणी मरतो. शिवाय अशा इंजिनाची चाकं अडकली तर त्याची मोटर एक अँपिअरहून जास्त खेचू शकते, तेवढं छोट्या डिकोडरला झेपत नाही. आणि पुष्कळदा जागाच नसते. वजन घासून, बॉयलर कोरून जागा करावी लागते. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर करावं. पण वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेलं इंजिन कापायला प्रत्येकाने तयार व्हावं, असा आग्रह कुणी धरू नये. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १ एप्रिल १९९८ला छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं, आणि मराठी घरांतल्या कितीतरी मुलांना १:८७ प्रमाणातली गाडी पहिल्यांदा तिथे दिसली. त्या आणि त्याआधीच्या काळातली इंजिनं अजून घराघरांत आहेत. ती अशी कपाटात जाण्यासाठी घेतलेली नव्हती.

आता धोका. इथे माझे विरोधक बरोबर आहेत आणि त्यांचं म्हणणं मी पूर्ण स्वीकारतो. एका सेक्शनमध्ये डीसी असेल, शेजारच्यात डीसीसी असेल आणि इंजिन कापलेल्या जागेवरून गेलं, तर त्याची चाकं दोन्ही पुरवठे क्षणभर जोडतात. बूस्टरचा कित्येक अँपिअरचा प्रवाह ॲनालॉग कंट्रोलरच्या पोटात शिरतो आणि तो जळतो. याचं उत्तर मात्र खऱ्या रेल्वेने फार पूर्वी दिलेलं आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्ट एसी आलं. आमच्या हरद्याची लाइनही तीच. दोन्हींच्या हद्दीवर रेल्वेने काय केलं? मध्ये वीज नसलेला तुकडा ठेवला. पश्चिम रेल्वेवर १९७०च्या दशकापासून चालणारी डब्ल्यूसीएएम-१ ही इंजिनं दोन्ही विजेवर धावायची, पण हद्द ओलांडताना त्या मृत तुकड्यावरून घरंगळत जायची आणि तेवढ्या वेळात चालक आतली यंत्रणा बदलायचा. दोन प्रवाह कधीही समोरासमोर आले नाहीत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. गाडी कुठे आहे हे सिग्नलला कळावं म्हणून खऱ्या रुळातही एक छोटा प्रवाह सोडतात, ट्रॅक सर्किटचा. जिथे ओढणारी वीज डीसी होती, त्या मुंबईत ट्रॅक सर्किट एसीचं ठेवलं. जिथे ओढणारी वीज एसी, तिथे ते डीसीचं ठेवण्याची रीत पडली. एकाच रुळात दोन प्रवाह, वर्षानुवर्षं, आणि एकाने दुसऱ्याचं सोंग घेऊ नये याची काळजी आराखड्यातच घेतलेली. 'एका रुळावर दोन प्रकारची वीज म्हणजे अपघात' असं म्हणणाऱ्यांनी लोकलखालच्या रुळाचा विचार केलेला नाही.

घरच्या लेआउटसाठी माझा आग्रह सेक्शनगणिक निवडीचा नाहीच. सगळ्या लेआउटला एकच मुख्य खटका असावा, मध्ये बंद राहणारा डीपीडीटी, म्हणजे एका बाजूचा संपर्क पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा जुळणार नाही. दोन तासांपैकी एक तास डिजिटल, एक तास ॲनालॉग. दोन्ही एकाच वेळी हवंच असेल, तर मध्ये सगळ्यात लांब गाडीहून लांब मृत सेक्शन ठेवा, आणि दोन्ही बाजूंना दोन्ही रूळ कापा. एक रूळ सामाईक ठेवण्याची ॲनालॉगची जुनी सवय इथे सोडलीच पाहिजे. दोन्ही पुरवठ्यांचे ट्रान्सफॉर्मर वेगळे हवेत. ॲनालॉगच्या जोडणीच्या रुळात रेडिओचा खरखराट थांबवायला कपॅसिटर असतो. तो डीसीसीची आज्ञा गढूळ करतो, म्हणून काढून टाका. रूळ स्वच्छ ठेवणारं उच्च वारंवारतेचं यंत्र असेल तर तेही काढा, ते डिकोडरला मारतं. आणि जुन्या इंजिनांच्या सायडिंगला स्वतंत्र चालू-बंद खटका द्या, म्हणजे खटका डिजिटलवर असताना ती इंजिनं उभ्या उभ्या भाजणार नाहीत.

राहिला डिकोडर. त्याच्या सीव्ही २९ या सेटिंगमध्ये चारच्या किमतीचा बिट चालू असेल तर डिकोडर डीसीवरही इंजिन चालवतो. बंद केला तर डीसी दिसताच गप्प बसतो. मृत सेक्शन चुकून ओलांडून पूर्ण वेगाने पळत सुटणाऱ्या गाड्यांचं मूळ बहुतेक वेळा या बिटात असतं. पण तोच बिट चालू ठेवला तर नवं इंजिन ॲनालॉगच्या दिवशीही फिरतं, थोडं उशिरा उठतं इतकंच, कारण पहिले काही व्होल्ट डिकोडर स्वतः जागा व्हायला खातो. मुख्य खटका एकच असेल तर बिट चालू ठेवायला हरकत नाही. दोन्ही एका वेळी असतील तर बंद. हे ज्याला समजलं, त्याचं काही जळत नाही.

'शुद्धते'चा मुद्दाही काही जण काढतात: अर्धं जुनं, अर्धं नवं बरं दिसत नाही म्हणे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७मध्ये ते १९.२६ मिलिमीटर व्हायला हवं. आपण सगळे ते १६.५च्या रुळावर चालवतो, कारण तोच बाजारात मिळतो. हे स्वीकारून ज्यांनी उत्तम लेआउट उभे केले, त्यांनी फळीखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या एका खटक्यावरून शुद्धता शिकवू नये.

आणि बदल एका रात्रीत करायचा, हा हट्ट तर खऱ्या रेल्वेनेही धरला नाही. मुंबईचं डीसीवरून एसीवर जाणं पश्चिम रेल्वेवर २०१२मध्ये आणि मध्य रेल्वेवर हार्बर मार्गासकट २०१६मध्ये पुरं झालं. त्याच्या कितीतरी आधी, २००७पासून, दोन्ही विजेवर धावणाऱ्या लोकल रुळावर आणल्या होत्या. आधी दोन्ही चालवू शकणारी गाडी, मग वरची तार. लाखो लोकांना रोज वाहून नेणाऱ्या यंत्रणेला जे दुहेरीपण चाललं, ते एका खोलीतल्या फळीला का चालू नये?

खातेगावसारख्या ठिकाणी तर दुसरा मार्गच नाही. हा भाग होळकरांच्या नेमावर जिल्ह्यातला. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, मीटरगेज धावली, पण ती निमाडातून गेली, इकडे नाही. आता २०१८मध्ये मंजूर झालेला बुधनी–इंदूर मार्ग खातेगाव-कन्नोद भागातून जायचा आहे. तो येईल तेव्हा येईल. इथल्या मुलांना रेल्वे कळते ती घरातल्या लेआउटवर. इथे डिकोडर मिळत नाही. तो बिघडला तर नवा मागवायचा आणि कुरिअरची वाट बघायची. निव्वळ डिजिटल लेआउटवर आज्ञा पाठवणारं कमांड स्टेशन बंद पडलं तर सगळ्या गाड्या महिनाभर उभ्या. दुहेरी वायरिंग असेल तर मुख्य खटका पलीकडे टाकायचा आणि त्याच संध्याकाळी गाडी फिरते. ॲनालॉग कंट्रोलर बिघडला तर तो गावातला रेडिओ-टीव्हीवाला उघडून दुरुस्त करू शकतो. त्यात त्याला न कळणारं काही नसतं. मोठ्या शहरातल्या सल्लागाराला हा फरक जाणवत नाही, कारण त्याचं दुकान चार चौकांवर असतं.

खर्चाचा हिशेब एवढ्यात उरकतो. दीड चौरस मिलिमीटरची तार घरच्या वायरिंगची तार आहे, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि ती डिजिटलला तशीही लागणारच होती. सेक्शनही लागणारच होते. जुना कंट्रोलर घरात आहेच. दुहेरीपणासाठी म्हणून जास्तीचा खर्च आहे तो मुख्य खटक्याचा, सायडिंगच्या दोन-चार छोट्या खटक्यांचा आणि एका रविवारच्या सोल्डरिंगचा.

तेव्हा नव्याने विचारायला आलेल्या पोराला 'एकच काय ते निवड' असं सांगून परत पाठवू नका. त्याला फळीखाली बसवा, हातात मल्टिमीटर द्या आणि सहा टोकांचा खटका दाखवा: मधल्या दोन टोकांना रूळ, एका बाजूच्या दोन टोकांना ॲनालॉग, दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांना डिजिटल. वीज जोडण्याआधी त्याने खटका तिन्ही जागी फिरवून तपासावं, आणि दोन पुरवठ्यांमध्ये कुठेही मल्टिमीटर वाजला नाही तरच प्लग लावावा.